मालकाच्या माघारी

वैशाख लागला, शाळांना सुट्ट्या पडल्या, की आपल्या गावातील कित्येक दुकाने, छापखाने, कारखाने आणि पेढ्या यांच्यात एक छोटेसे सत्तांतर घडून येते. मालक सहकुटुंब महाबळेश्वरला किंवा काश्मीरला जातात. अलीकडे कोणी दुबई-सिंगापूरलाही जातात. निघताना किल्ल्यांचा जुडगा एखाद्या जुन्या नोकराच्या हाती देऊन म्हणतात, "अण्णा, पंधरा दिवस आता तुम्हीच मालक." अण्णा मान डोलावतात. वीस वर्षांच्या नोकरीत एवढा विश्वास कोणी टाकला याचे त्यांना बरे वाटते. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते कुलूप उघडतात तेव्हा ते नेमके कोण झाले आहेत, हे त्यांनाही ठाऊक नसते आणि मालकांनाही नसते.

श्रोतेहो, या व्याख्यानमालेत मोठमोठ्या विषयांवर विद्वान बोलतात. माझा विषय या पंधरा दिवसांपुरता आहे. मी वकील नाही. कायद्याची पुस्तके वाचली ती कामगारांची गाऱ्हाणी सोडवता सोडवता. परंतु त्या गाऱ्हाण्यांत या पंधरा दिवसांतून निघालेली इतकी आहेत, की या विषयाची एकदा जाहीरपणे फोड करावी असे मला वाटले. आपल्यापैकी कोणी मालक असतील, कोणी अण्णा असतील, आणि पुष्कळजण अण्णांच्या हाताखाली काम करणारे असतील. तिघांचाही यात संबंध आहे.

दुसऱ्याच्या नावाने कारभार पाहणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. रामायणातल्या भरताची कथा लहान मुलालाही ठाऊक आहे. त्याने रामाच्या पादुका सिंहासनावर ठेवल्या आणि स्वतः नंदिग्रामात राहून चौदा वर्षे राज्य सांभाळले. भक्तीच्या अंगाने ही कथा आपण नेहमी ऐकतो. एकदा कारभाराच्या अंगाने पाहू या. राज्य कोणाचे हे पादुकांमुळे सर्व प्रजेला दिसत होते. कारभार कोण पाहतो हेही सर्वांना ठाऊक होते. आणि मुदत ठरलेली होती. मराठेशाहीत अष्टप्रधानांना मोहिमेवर जावे लागे, तेव्हा मागे त्यांचा मुतालिक त्यांच्या नावाने दफ्तर चालवी. मुतालिकाचे पद मानाचे होते, त्याचा हुद्दा ठरलेला होता, आणि तो कोणाच्या वतीने लिहितो आहे हे कागदावरून समजत असे. आजही सरकारी कचेरीत एक अधिकारी रजेवर गेला की प्रभार देणारा आणि घेणारा अशा दोघांच्या सह्यांचा कागद होतो. खाजगी धंद्यातच तेवढा हा कागद नाहीसा झाला आणि त्याच्या जागी "तुम्हीच मालक" हे तोंडी वाक्य आले.

चार्ज या शब्दात तीन गोष्टी येतात : अधिकार, जबाबदारी आणि मोबदला. माझा अनुभव असा, की मालक जाताना जबाबदारी पूर्ण देतात, अधिकार अर्धा देतात आणि मोबदल्याचा विषयच काढत नाहीत. या तिन्हींचा आता क्रमाने विचार करू.

अधिकार

एका छापखान्यातली हकीगत सांगतो. मालक तीन आठवड्यांसाठी परगावी गेले आणि फोरमनकडे चार्ज देऊन गेले. लग्नसराईचे दिवस, पत्रिकांची कामे अंगावर घेतलेली. चौथ्या दिवशी मोठ्या यंत्राची मोटर जळाली. मालकांना फोन लागेना. लग्नाची तारीख काही मोटरसाठी थांबत नाही. फोरमनने गल्ल्यातून पैसे काढून मोटर रिवाइंड करून आणली, दोन रात्री जादा काम करवून पत्रिका वेळेवर दिल्या आणि कामगारांना जादा कामाची मजुरी चुकती केली. मालक परत आल्यावर म्हणाले, "मला न विचारता एवढा खर्च केलात कसा?" आणि मोटरचा खर्च फोरमनच्या पगारातून हप्त्याहप्त्याने कापू लागले. पत्रिकांचे पैसे मात्र मालकांच्या खात्यात जमा झाले होते.

अशा वेळी कायदा काय म्हणतो? आपला करार कायदा १८७२ सालचा आहे. दीडशे वर्षे होऊन गेली तरी तो चालू आहे, आणि दुसऱ्याच्या वतीने काम करणाऱ्याविषयी त्यात एक सबंध प्रकरण आहे. त्यातली चार कलमे चार्ज घेणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावीत. १८६ वे कलम म्हणते की अधिकार स्पष्ट शब्दांत दिलेला असेल किंवा परिस्थितीवरून दिला आहे असे समजले जाईल. म्हणजे किल्ल्या हाती देणे हेही अधिकार देणेच झाले. १८९ वे कलम अडीअडचणीच्या प्रसंगाचे आहे. शहाणा माणूस स्वतःच्या मालाबाबत जे करील, ते मालकाचे नुकसान टाळण्यासाठी करण्याचा अधिकार त्याच्या वतीने काम करणाऱ्याला आहे, असे ते सांगते. २१४ वे कलम त्याच्यावर कर्तव्य घालते, की अडचण आली तर मालकाशी संपर्क साधण्याचा आणि त्याची आज्ञा मिळवण्याचा वाजवी प्रयत्न त्याने केला पाहिजे. आणि २२२ वे कलम मालकाला बांधते : दिलेल्या अधिकारात केलेल्या कायदेशीर कामाचे जे परिणाम होतील, त्यांची भरपाई मालकाने करून दिली पाहिजे.

आता ही कलमे त्या छापखान्याला लावून पाहा. प्रसंग अडचणीचा होता, नुकसान मालकाचे होणार होते, आणि फोरमनने फोन केला होता. अडले एवढेच, की फोन केल्याची नोंद कोठेही नव्हती आणि खर्चाची मर्यादा काय हे आधी ठरलेले नव्हते. आमच्या संघटनेने दोन बैठका घेतल्या, तेव्हा कोठे कापलेले हप्ते परत मिळाले. निघताना मालकांनी "अमुक रकमेपर्यंत दुरुस्तीचा खर्च करावा" एवढी एक ओळ लिहिली असती, तर दोन बैठकाही लागल्या नसत्या आणि वीस वर्षांच्या संबंधात अढीही पडली नसती.

आता सर्वांच्या खिशात फोन आला; तेव्हा मालक गेले तरी जवळच आहेत, मग चार्जचा प्रश्न उरतो कोठे, असे कोणी म्हणेल. प्रत्यक्षात फोनने हा प्रश्न अधिक अवघड केला आहे. मालक डोंगरावरून दिवसातून चार वेळा हुकूम सोडतात, सहाव्या वेळी फोन उचलत नाहीत, आणि तो सहावा प्रसंगच महत्त्वाचा ठरतो. शिवाय अण्णांनी सकाळी एक सांगितले आणि मालकांनी दुपारी फोनवरून दुसरेच सांगितले, की हाताखालची माणसे अण्णांचे ऐकेनाशी होतात. फोनचा उपयोग करायचा तर मालकांनी अण्णांशीच बोलावे, परस्पर कामगारांशी बोलू नये; आणि अण्णांनी तोंडी बोलण्यावर न थांबता दोन ओळींचा संदेश पाठवून ठेवावा. २१४ व्या कलमातला वाजवी प्रयत्न आज असा सिद्ध करता येतो.

जबाबदारी

अधिकाराचे असे आहे, तर जबाबदारीच्या बाबतीत कायदा फार लांब पाहत नाही. समोर जो सापडेल त्याला तो प्रथम धरतो. १९४८ च्या कारखाना कायद्याचे सातवे कलम मी कामगारांच्या सभेत नेहमी वाचून दाखवीत असे. कारखान्याचा मॅनेजर म्हणून ज्याचे नाव कळवले आहे तो काम पाहत नसेल, तर त्या काळात मॅनेजरचे काम करताना जो कोणी आढळेल, तोच कायद्यासाठी मॅनेजर समजला जाईल, अशी त्यात तरतूद होती. "आढळेल" हा शब्द लक्षात घ्या. नेमणूक नको, पगार नको, पाटी नको. काम करताना आढळला म्हणजे पुरे. आणि नियम मोडल्याबद्दल भोगवटादार मालक व मॅनेजर अशा दोघांनाही दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितलेली होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याच्या जागी २०२० ची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता आली आहे. तिच्यातही मालक या शब्दाची व्याख्या करताना, आस्थापनेचा कारभार ज्याच्याकडे सोपवला आहे त्या मॅनेजरला धरलेच आहे. कायदा बदलला तरी खुर्चीवर बसलेल्या माणसाकडे पाहण्याची त्याची नजर फारशी बदललेली नाही.

याचे सर्वांत कठोर उदाहरण सुट्टीचे नाही. पण दूर बसलेला निर्णय करतो आणि जवळ असलेला जाब देतो, हे त्यात जसे दिसते तसे दुसरीकडे दिसत नाही. १९८४ च्या २ आणि ३ डिसेंबरच्या मधल्या रात्री भोपाळच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. वायूची टाकी थंड ठेवणारी यंत्रणा त्या वर्षी जूनपासूनच बंद होती, आणि सुटलेला वायू जाळणाऱ्या मनोऱ्याची नळी दुरुस्तीसाठी काढलेली होती. रात्रपाळीच्या माणसांपुढे अशी स्थिती आयती मांडून ठेवलेली होती. ७ जून २०१० रोजी भोपाळच्या न्यायालयाने शिक्षा सुनावल्या, तेव्हा दोषी ठरलेल्यांच्या यादीत भारतीय कंपनीच्या अध्यक्षांपासून थेट उत्पादन सहाय्यकापर्यंत माणसे होती. अमेरिकेतल्या मूळ कंपनीचे अध्यक्ष वॉरन अँडरसन मात्र खटल्याला कधीच उभे राहिले नाहीत. २०१४ साली ते वारले. त्या रात्रीचे दुःख एवढे मोठे आहे की त्याची तुलना आपल्या छापखान्याशी करू नये. पण चार्ज घेताना एक प्रश्न विचारायला ते शिकवते : आधीच बिघडलेले असे काय काय माझ्या हाती देत आहात? यंत्राचे संरक्षक जाळीदार झाकण काढून ठेवलेले असेल, आग विझवण्याच्या नळकांड्याची मुदत संपली असेल, विजेची तार उघडी असेल, तर ते चार्ज घेण्यापूर्वी लिहून घेतले पाहिजे. मागाहून तो दोष आपला होतो.

दुसरी जबाबदारी पैशाची. पुष्कळ ठिकाणी मालक जाताना चार-पाच कोऱ्या धनादेशांवर सह्या करून ते टेबलाच्या खणात ठेवतात. त्यात अविश्वास नाही हे खरे. परंतु पुढे हिशेबात फरक निघाला तर सही मालकांची आणि रकमेचे अक्षर अण्णांचे, असा कागद कोणाच्या बाजूने बोलेल? कंपनी असेल तर अण्णांनाच सहीचा अधिकार देतात. त्यात धोका निराळा आहे. खात्यात शिल्लक नसताना दिलेला धनादेश परत गेला, तर १८८१ च्या पराक्राम्य लेख कायद्याच्या १३८ व्या कलमाखाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा धनादेशाच्या दुपटीपर्यंत दंड होऊ शकतो. कंपनीच्या बाबतीत सही करणारा त्या कृत्याला जबाबदार असतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली स्पष्ट केले आहे. तेव्हा खात्यात काय शिल्लक आहे हे ज्याला पाहता येत नाही, त्याने सही करू नये.

आणि आता कोऱ्या धनादेशांचा नवा अवतार आला आहे. मालकाचा पासवर्ड चिठ्ठीवर लिहिलेला, त्याची डिजिटल सही असलेली लहानशी पट्टी खणात ठेवलेली, आणि ओटीपी फोनवर सांगायचा. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा आहे. आपली डिजिटल सही स्वतःच्या ताब्यात सांभाळून ठेवणे हे त्या कायद्याने सहीच्या धन्याचेच कर्तव्य ठरवले आहे. आणि दुसऱ्याची सही किंवा पासवर्ड लबाडीने वापरणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. अण्णांची लबाडी नसते. पण भांडण झाले की प्रामाणिकपणा सिद्ध करण्याची पाळी त्यांच्यावर येते. बँकेत स्वतःच्या नावाने मर्यादित अधिकार मागून घ्यावा. दुसऱ्याच्या नावाने सही करू नये, ती डिजिटल असली तरी.

मोबदला

कापडगिरण्यांत बदली कामगाराची पद्धत होती. कायम कामगार एक दिवस आला नाही, तर त्याच्या साच्यावर बदलीवाला उभा राही आणि त्या दिवसाची त्या साच्याची मजुरी घेई. बदलीवाल्यांचे हाल पुष्कळ होते. दारावर तासन् तास उभे राहून काम न मिळताच ते परत जात. पण काम मिळाले तर त्या कामाचा दाम मिळे, याबद्दल वाद नव्हता. साध्या साच्याला जो न्याय लागू होता, तो साहेबाच्या खुर्चीला लागू नाही. तिथे बसणारा आपले रोजचे कामही करतो, साहेबाचेही करतो, आणि पगार जुनाच घेतो. वर आपली ठरलेली रजाही पुढे ढकलतो.

सरकारी नोकरीत याला थोडाफार नियम आहे. ठरावीक मुदतीपेक्षा अधिक काळ दुसऱ्या पदाचा प्रभार सांभाळला, तर केंद्राच्या नियमांत त्या पदाच्या वेतनाच्या १० टक्के जादा वेतन धरले जाते. न्यायालयांनी याहूनही पुढचे पाऊल टाकले आहे. पोर्ट ब्लेअरच्या एका प्राथमिक शिक्षकाने १९९२ ते १९९५ या काळात स्काउट विभागाच्या सचिवाचे काम पाहिले. त्याला बढती दिलेली नव्हती, तरी जेवढे दिवस त्या पदाचे काम केले तेवढ्या दिवसांच्या पगारातील फरक त्याला द्यावा, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली दिला. त्याच वर्षी चंडीगड प्रशासनातील एका कनिष्ठ अभियंत्याचे प्रकरण आले. "वरच्या पदाचे काम करीन, पण त्याचा लाभ मागणार नाही" असे त्याच्याकडून लिहून घेतले होते. न्यायालयाने सांगितले की असा लेख सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे. त्याच्या आधारे हक्क नाकारता येणार नाही.

हे निकाल सरकारी नोकरांचे आहेत. खाजगी दुकानातल्या अण्णांना ते जसेच्या तसे लागू होतील असे मी म्हणणार नाही. पण त्यांतले तत्त्व करार कायद्याच्या ७० व्या कलमातही आहे : फुकट करण्याच्या हेतूने न केलेल्या कामाचा ज्याने लाभ घेतला, त्याने भरपाई केली पाहिजे.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण अण्णांच्या मनात कधी कधी भलतीच आशा उत्पन्न होते. हंगामी बसल्याने खुर्ची आपली होत नाही. १९५७ साली एका रेल्वे कर्मचाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले. वरच्या पदावर हंगामी काम करणाऱ्याला त्या पदाचा हक्क मिळत नाही, आणि मूळ जागेवर परत पाठवणे म्हणजे आपोआप शिक्षा होत नाही. त्या परत पाठवण्याने त्याच्या मूळ हक्कांना दंडासारखी झळ पोचली तर मात्र ती शिक्षा समजली जाते. तेव्हा चार्जचे दिवस संपले की आपल्या जागेवर परत यावे, आणि दाम मागावा. खुर्ची मागू नये.

हाताखालच्या माणसांशी नाते

आता मला सर्वांत नाजूक वाटणारी गोष्ट. पंधरा दिवसांनी मालक परत येणार असतात, आणि अण्णांना पुढची दहा वर्षे त्याच माणसांच्या शेजारी बसून डबा खायचा असतो. काही धूर्त मालक हे ओळखून नको असलेली कामे नेमकी या दिवसांसाठी राखून ठेवतात. कोणाला कामावरून काढण्याची चिठ्ठी तयार असते, तारीख मालकांच्या सुट्टीतली असते आणि सही अण्णांची घेतली जाते. एका ठिकाणी तर संघटनेच्या प्रतिनिधीलाच चार्ज देऊन त्याच्या हातून तीन जणांची हजेरी कापवली होती. पुढे वर्षभर त्या प्रतिनिधीच्या सभेला कोणी येईना.

याला कायद्याचीही किनार आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने व्यवस्थापनाचे काम करणाऱ्याला कामगार या व्याख्येतून वगळले होते, आणि देखरेखीचे काम करणाऱ्याला ठरावीक पगाराच्या वर वगळले होते. ती मर्यादा एके काळी ५०० रुपये होती, पुढे १६०० झाली, २०१० साली १०,००० झाली. आणि आता लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत १८,००० आहे. न्यायालये हुद्द्यापेक्षा मुख्य काम कोणते हे पाहतात, हे आपले सुदैव. परंतु दरवर्षी दोन-तीन महिने चार्ज, प्रत्येक कागदावर "मॅनेजर" म्हणून सही, असे चालले तर एके दिवशी मालकांचा वकील तेच कागद पुढे करून म्हणतो, "हा कामगार नव्हताच." म्हणून सही करताना "मालकांच्या अनुपस्थितीत, तात्पुरता चार्ज" एवढे शब्द आणि खाली आपला मूळ हुद्दा लिहावा.

हाताखालच्या मंडळींनाही दोन शब्द. अण्णा आपलेच आहेत म्हणून उशिरा येणे, उचल मागणे, दुपारी गायब होणे, हे पंधरा दिवसांत जास्त होते. त्यात आपण मालकांना चकवीत नाही. आपल्यातल्याच एका माणसाला जाब द्यायला उभे करतो. कामगार स्वतःच्या शिस्तीने कारखाना चालवू शकतो, असे आम्ही संघटनेचे लोक व्यासपीठावरून सांगतो. ते दाखवून देण्याची संधी दरवर्षी वैशाखात आपोआप येते.

चार्जचा कागद

मग करायचे काय? मालकांनी निघण्यापूर्वी अर्ध्या पानाचा एक कागद करावा आणि त्यावर दोघांनी सह्या कराव्यात. त्यात चार्ज कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत हे असावे. रोजमेळाची शिल्लक मोजून लिहावी. किती रकमेपर्यंत खर्च विचारल्याशिवाय करता येईल हे लिहावे. माणसे घेणे, काढणे, दंड करणे, भाव बदलणे आणि नवी उधारी देणे या गोष्टी मालक येईपर्यंत होणार नाहीत, असे स्पष्ट असावे. हे कलम अण्णांचे सर्वांत मोठे संरक्षण आहे. अपघात झाल्यास कोणता दवाखाना, आणि फोन न लागल्यास दुसरा कोणाचा, हे असावे. यंत्रे आणि वीज यांतले माहीत असलेले दोष लिहावेत. आणि शेवटी चार्जभत्ता किती, हे असावे. कागदाची एक प्रत अण्णांच्या घरी राहावी, आणि एक नोटीस-बोर्डावर लागावी. त्यात भत्त्याचा आकडा लावला नाही तरी चालेल.

काही मालकांना हा अपमान वाटतो. "आमच्यात असे कागद लागत नाहीत," असे ते म्हणतात. त्यांना माझे नम्रपणे सांगणे आहे, की विश्वास नसलेल्या माणसाकडे तुम्ही किल्ल्या दिल्याच नसत्या. कागद अण्णांच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका घेत नाही. पंधरा दिवसांत काय घडेल याची खात्री कोणालाच नसते, एवढेच तो मान्य करतो. याचा मालकांनाही लाभ आहे. जो धंदा मालकांच्या माघारी पंधरा दिवस नीट चालत नाही, तो त्यांच्या आजारपणातही चालणार नाही. आणि आजारपण तारीख कळवून येत नाही. दरवर्षी एकाच अण्णांवर भार न टाकता पाळीपाळीने दोघा-तिघांना हे काम शिकवले, तर पुढे एखाद्या वर्षी अण्णांनाही वैशाखात रजा मिळेल.

चार्ज परत देतानाही असेच करावे. रोजमेळ मांडून शिल्लक मोजावी, कोणते प्रसंग आले आणि त्या वेळी काय केले हे सांगावे, किल्ल्या मोजून द्याव्यात आणि त्याच कागदाच्या खाली मालकांची पोच घ्यावी. या आठवड्यात ज्यांच्या हाती किल्ल्या येणार असतील, त्यांनी उद्या सकाळीच हा कागद मालकांपुढे ठेवावा. मालक प्रवासाच्या गडबडीत असतील. तरी सही करायला दोन मिनिटांपेक्षा अधिक वेळ लागत नाही.